टाचणीखालची नावं

थोरलीने चिमट्याने दोन्ही टाचण्यांच्या खालच्या चिठ्ठ्या काढल्या. धाकटी यायला अजून दहा मिनिटं होती.

संग्रहालयाची पद्धत ठरलेली. वरच्या चिठ्ठीवर जागा आणि तारीख, खालच्या चिठ्ठीवर पकडणाऱ्याचं नाव. पंख पसरून, मिशीसुद्धा मोडू न देता फुलपाखरू टाचणीवर बसवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हे काम थोरली वीस वर्षं करत होती.

पेटीत डावीकडे बर्फाच्या रेषेजवळचं फुलपाखरू. बुटकं, काळपट, अंगावर दाट लव. मिळेल तेवढं ऊन साठवणारं. धाकटीने पकडलेलं. उजवीकडे घरच्या अंगणातलं, लिंबाच्या झाडावरचं, पिवळं-काळं. थोरलीने चहाच्या पेल्याखाली पकडलेलं. दोन्ही एकाच दिवशीची, म्हणून संग्रहालयाच्या साहेबांनी तुलनेसाठी ही जोडी निवडली होती.

तुलना कसली डोंबलाची! जो तो डावीकडेच बघायचा. "धाकट्या बाई म्हणजे कमाल आहे हो," साहेब म्हणायचे. अंगणातल्याला कोण विचारतो? थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. बाईसाहेब डोंगर चढत होत्या तेव्हा बाबांची कूस कोण बदलत होतं? आणि बाबा तरी काय! खिडकीतून ते फुलपाखरू दाखवून म्हणाले, "धाकटीला आवडेल ना गं?" त्यांचं शेवटचं बोलणं, तेही धाकटीबद्दलच.

तिने नावं बदलून टाकली. डोंगराखाली स्वतःचं, अंगणाखाली धाकटीचं. कळू दे एकदा, कसं वाटतं ते.

धाकटी आली ती थेट पेटीवर वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली. थोरलीचे कान तापले. काय सांगायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

"नजरचूक झाली गं," ती म्हणाली. "दे, बदलते."

धाकटीने तिचा हात धरला. "नको ना, ताई. राहू दे."

डोंगराकडे तिचं लक्षही नव्हतं. ती उजवीकडची वरची चिठ्ठी वाचत होती. घरचं अंगण, मग ती तारीख, आणि खाली स्वतःचं नाव.

"निदान इथे तरी," ती म्हणाली, "बाबा गेले त्या दिवशी मी घरी होते."