एंडाकॉटांची झडप

"लंडनचे मनोरे कोसळतील, राजाच्या महालाला तडे जातील, पण एंडाकॉटांचं हे घर कुणापुढे वाकणार नाही!"

पर्सी एंडाकॉट हे म्हणाले तेव्हा ते वरच्या खोलीत जमिनीवर उताणे पडले होते. न वाकणाऱ्या घराच्या तुळईवर न वाकणारं कपाळ आपटलं होतं, आणि डावा पाय वळू नये तिकडे वळला होता. पडल्या पडल्या त्यांना डोक्यावरचं पेंढ्याचं छप्पर दिसत होतं. दर पिढीनं जुन्या थरावर नवा थर शाकारलेला. सगळ्यात खालचा, काळा पडलेला, पहिल्या एंडाकॉटच्या हातचा. दुखण्यातही त्यांना बरं वाटलं.

अँब्युलन्सवाली शॅरन जिना बघून परत आली. जिना धुराड्याला वेटोळं घालून वर आलेला. धडधाकट माणसालाही खांदा तिरका करून चढावं लागे.

"आजोबा, ह्या जिन्यातून तुम्हाला खाली नेता येणार नाही. बाजूच्या फळ्या कापाव्या लागतील."

"चारशे वर्षांचं ओक आहे ते, बाई. त्यापेक्षा माझा पाय काप."

"तीच वेळ येईल. पाय गार पडत चाललाय."

त्यांची मुलगी मॉरीन पुढे झाली. ती कोपऱ्यातला गालिचा गुंडाळू लागली. गालिच्याखाली झडप होती, जमिनीच्या फळ्यांत बसवलेलं, खाली उघडणारं दार. पर्सींनी तोंड फिरवलं. घराण्यातला प्रत्येक जण शेवटी ह्याच झडपेतून दोरानं खाली स्वयंपाकघरात उतरला होता, आणि तिथून थेट चर्चमागे पुरायला गेला होता. पाहुण्यांना घर दाखवताना पर्सी छपराच्या खालोखाल झडपेचंच कौतुक सांगत.

"मॉरीन, ती मयताची झडप आहे. जिवंत माणूस त्यातून जात नसतो."

"बाबा, हा पलंग वर कुठून आला?"

"कुठला पलंग?"

"हाच. तुमचा जन्म झाला तो. जिन्यावरून चालत आला का?"

पर्सींनी पलंगाकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. पलंग चांगला ऐसपैस, दोन माणसांचा होता. उभ्या जन्मात घर दाखवलं, पण हे कुणी विचारलंच नव्हतं.

"जे जिन्यात मावत नाही त्याच्यासाठी झडप," मॉरीन म्हणाली. "मयत त्यातलंच एक. बांधणाऱ्यानं सगळा विचार केला होता. आता तुम्हीच सांगा, तो चुकला होता का?"

"एंडाकॉट चुकत नाहीत," पर्सी गुरगुरले. मग तोंड पुन्हा झडपेकडे वळवलं. "पण मयत आडवं जातं. मी बसून जाणार. आणि टोपी घालून."

शॅरननं त्यांना खुर्चीला करकचून बांधलं, पायाला फळी लावली, तुळईवरून दोर टाकला. खाली शेजारचा डेनझिल आणि गावातले आणखी दोघे झेलायला उभे होते. झडप उघडली, वरून आधी पाय दिसले, आणि तिघांनीही सवयीनं टोप्या काढल्या.

"घाला त्या डोक्यावर! आहे मी अजून!"

खुर्ची इंच इंच उतरू लागली. कळ मस्तकात जात होती, तरी पर्सींची छाती फुगत चालली होती.

"ऐका रे गाववाल्यांनो! ह्या वाटेनं डोळे उघडे ठेवून जाणारा पहिला एंडाकॉट मी!"

"शाब्बास, म्हातारबा!" डेनझिल ओरडला.

खुर्ची भांड्यांच्या उंच कपाटापर्यंत आली, आणि पर्सी एकदम गप्प झाले. मान वळवून एकटक बघत राहिले.

"काय झालं, बाबा?" वरून मॉरीन घाबरून म्हणाली. "फार दुखतंय?"

"नाही गं." त्यांचा आवाज खाली आला होता. "बरं झालं, आधीच्या सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी परत येईपर्यंत ह्या कपाटाच्या डोक्यावरून तेवढं फडकं मारून ठेव."