वरपक्षाची होडी

"जो पाण्याला घाबरला तो जगण्यालाच घाबरला," असं दिनकरराव म्हणाले, आणि मग त्यांना धक्क्यावरून होडीत उतरवायला तीन माणसं लागली.

होडी प्लॅस्टिकची, दोघांनी बसून पायांनी पॅडल मारायची. राजसने दोन्हीकडच्या आईवडिलांना जर्मनीतल्या आपल्या घरून, वोल्फ्सबुर्गहून, एका दिवसासाठी हॅम्बुर्गचे कालवे दाखवायला आणलं होतं. दोन्ही विहिणी काठावरच कॉफी घेत बसल्या. त्यांना कोणी शहाण्या म्हटलं नाही, पण होत्या. पुढच्या होडीत राजस, सुकन्या आणि छोटी ईप्सिता. मागच्या होडीत दोन व्याही: राजसचे वडील दिनकरराव आणि सुकन्याचे वडील श्रीधरपंत.

होडीवाल्याने दोन केशरी लाइफ जॅकेटं पुढे केली होती. दिनकररावांनी ती हसून परत केली. कऱ्हाडला कृष्णेच्या पुरात आपण कसे पलीकडे पोहून गेलो, हे त्यांनी साखरपुड्यात सांगितलं होतं, लग्नात सांगितलं होतं, बारशाला तर नातीच्या नावाच्याही आधी सांगितलं होतं. आता जॅकेट घालणं बरं दिसलं नसतं. आणि मुलाच्या वडिलांनी घातलं नाही म्हटल्यावर मुलीच्या वडिलांनी ते कुठल्या तोंडाने घालायचं?

"तुम्ही चालवा, मी दिशा बघतो," दिनकरराव म्हणाले आणि सुकाणूचा दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"तुम्ही म्हणाल तसं," श्रीधरपंत म्हणाले.

कालवा अरुंद होता. दोन्हीकडची झाडं पाण्यावर वाकलेली, पाणी काळपट हिरवं. तळ दिसत नव्हता. दिनकरराव तळच शोधत होते. होडी जरा कलली की ते दांडा आणखी घट्ट धरत होते.

"ओपा, श्नेलर!" पुढून ईप्सिता ओरडली. आजोबा, लवकर, एवढं म्हणायलाही तिला जर्मन लागे. मग ती होडी वळणाआड गेली आणि कालव्यात मराठी माणसं दोनच उरली.

ती दोघं पुलाखाली शिरली, तोच समोरून पांढरी प्रवासी बोट आत आली. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून एक हंस कसाबसा गेला असता. तिने भोंगा दिला. पुलाखाली भोंगा कानात वाजत नाही, छातीत वाजतो.

"दिनकरराव, उजवीकडे घ्या."

दिनकररावांनी दांडा हलवला नाही. तो त्यांनी वळवण्यासाठी धरलाच नव्हता, नुसता धरण्यासाठी धरला होता.

"उजवीकडे, व्याही. उजवीकडे."

मग त्यांनी तो एकदम टोकापर्यंत ओढला. होडी आडवी झाली, पुलाच्या दगडी खांबाला घासली आणि तिथेच अडकली. मागोमाग बोटीची लाट आली. गार पाणी आत येऊन बुटांत शिरलं. दिनकररावांनी दोन्ही पाय वर घेऊन छातीशी धरले.

श्रीधरपंतांच्या ओठांचा रंग गेला होता.

"एक सांगायचं राहिलं," ते अगदी हळू म्हणाले. "मला पोहता येत नाही. अजिबात. तुम्ही होतात म्हणून बसलो. उलटली तर आधी मला धरा. केस काही राहिले नाहीत, कॉलरला धरा."

दिनकररावांची एकट्याने बुडायची तयारी आत्ता कुठे होत आली होती. ती आता दोघांची करावी लागणार होती.

बोट आणखी जवळ आली. तिचं नाक त्यांच्या डोक्यापेक्षा उंच होतं. कठड्यावरून माणसं वाकून बघत होती, काहींनी फोन काढले होते. ध्वनिक्षेपकावरून कप्तान शांतपणे काहीतरी बरंच बोलला. त्यातलं दोघांना फक्त 'बिट्टे', म्हणजे 'कृपया', एवढंच कळलं.

दुसऱ्या लाटेला होडी श्रीधरपंतांच्या बाजूला कलली. त्यांनी डोळे मिटले आणि दिनकररावांचा दंड पकडला. ज्या विश्वासाने मुलगी दिली होती, त्याच विश्वासाने.

"सोडा," दिनकरराव म्हणाले.

"नाही सोडत."

"श्रीधरपंत, सोडा. मलाही येत नाही."

"काय येत नाही?"

"पोहायला."

श्रीधरपंतांनी डोळे उघडले. "आणि कृष्णा?"

"मित्र गेले पोहून. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत होतो."

बोटीचं इंजिन थांबलं. पुलाच्या दगडांतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"मी तुम्हाला वाचवू शकत नाही," दिनकरराव म्हणाले. "हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं. निदान जॅकेटाच्या वेळी. तुमचं काही झालं तर मी सुकन्याला काय सांगू?"

श्रीधरपंतांनी त्यांचा दंड अजून सोडला नव्हता.

"ते बघू नंतर," ते म्हणाले. "आधी पाय तेवढे खाली घेता का, व्याही? तुमच्या बाजूलाही दोन पॅडल आहेत."