पाचवा ओंडका

"कशाचं लाकूड हाय गं हे?" पार्वतीबाईंनी विचारलं आणि भक्तीच्या हातातली फवाऱ्याची बाटली थांबली.

"आंब्याचं, आत्याबाई."

"आंब्याचं," सासूबाई म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

न्हाणीमागच्या पत्र्याखाली पाच ओंडके होते. भक्तीनं त्यांना भोकं पाडून धिंगरी अळंबीचं बियाणं भरलं, वर मेण लावलं, ओली पोती पांघरली आणि सात महिने बाळंतिणीसारखं जपलं. आता छत्र्यांचे घोसच्या घोस फुटले होते. दुपारी परभणीहून बचतगटाच्या मॅडम बघायला येणार होत्या. काम पसंत पडलं, तर गावोगावच्या बायकांना शिकवायला त्या भक्तीला नेमणार होत्या. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण झरी गावात 'जीवनची बायको' याखेरीज तिला नाव मिळालं नव्हतं.

अडचण एकच. लाकूड दारातल्या उंबराचं होतं.

उंबर म्हणजे दत्ताचं झाड, आणि पार्वतीबाईंचा गुरुवार गावाला पाठ. गेल्या साली झाड एका अंगानं वाळत गेलं आणि वळवाच्या वाऱ्यात आडवं झालं. पार्वतीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांच्या रडण्यानं अर्धं गाव रडलं. उरलेलं अर्धं ते रडणं बघायला आलं. उंबर चुलीत घालत नाहीत, म्हणून सगळं लाकूड ट्रॅक्टरनं नदीला सोडलं, असं जीवननं आईला सांगितलं. त्यातले पाच ओंडके त्यानं बायकोला कापून दिले होते.

"आईला कळलं तर हे पण नदीला जातंय बघ," त्यानं बजावलं होतं. "आंबाच म्हण. आन् तोंड नीट ठेव, तुझ्या तोंडावर सगळं छापून येतंय."

पार्वतीबाईंनी सालीवरून बोट फिरवलं. "आंब्याची साल इतकी गुळगुळीत?"

"कलमी हाय, आत्याबाई." भक्तीनं ओलं पोतं सालीवर ओढलं. "च्या टाकू का?"

"आत्ताच पिले की."

"मग अजून टाकते."

"थांब." सासूबाई शेवटच्या ओंडक्यापाशी वाकल्या. "चारांना फुटलंय. ह्याला का न्हाई?"

"काय की. बियाणं एकच, पाणी एकच. सात महिने झाले, काहीच समजंना."

"मॅडमनं इचारलं तर?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जीवनचा आवाज आला, "या मॅडम, या!"

"हा ओंडका उचल इथून," पार्वतीबाई म्हणाल्या. "गोठ्यात टाक, वर कडबा घाल."

भक्तीचा धीर सुटला. एकदा एक उचलला की बाकीचे चार कितीसे टिकणार? तिनं सासूचे पायच धरले. "चुकलं माझं, आत्याबाई! आंबा न्हाई हा. दारातला उंबर हाय. म्या खोटं बोलले. पण आजचा दिवस तरी नदीला सोडू नका."

"हळू बोल, भवाने!" पार्वतीबाईंनी दाराकडं बघत तिला उठवलं. "उंबर वळखू येत न्हाई व्हय मला? तीस वर्षं त्याच्या फळांचा चिखल झाडलाय दारात. बाकीचे चार ऱ्हाऊ दे. ह्याला तेवढं मॅडमच्या नजरंआड कर. हा बुडखा हाय. झाड वाळावं म्हणून ह्यातच हिंग भरला हुता म्या."