साहेबाच्या बंगल्याची दारं

"काका, या बंगल्याला दारं किती?" बोलेरोच्या सीटवरचा कोयता उचलत रितेशने विचारलं.

"दोन. पुढचं आणि सैपाकघराचं." सयाजी गाडीतून उतरला.

त्याची पोटची पोर आत होती. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यालगतच्या या ओसाड बंगल्यात अंकिता आणि नागसेन लपल्याची खबर पुतण्यांना दुपारी लागली. दोघं महाडच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात कामाला. नागसेन दुसऱ्या जातीचा, म्हणून रितेशच्या हातात कोयता.

"काका, सकाळधरनं फोन लावतोय. होतात कुठं?"

"तिलाच धुंडत होतो रे."

"मागं लोखंडी जिना पण हाय," रितेशचा धाकटा भाऊ मंगेश म्हणाला.

"तो झाडूवाल्याचा. साहेबाच्या संडासाची घाण तिथनं उतरवायचे. उभा ऱ्हातोस तिथं?"

मंगेशने नाक मुरडलं. "नाय बा! आपली पोर कशाला त्या वाटंनं जाईल? मी सैपाकघराशी थांबतो."

पुढचं दार उघडताना सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं किंचाळलं. गंजलेल्या बिजागऱ्या, दुसरं काय! सयाजीने हात पँटला पुसले, पण बोटांचा तेलकटपणा काही जाईना.

त्याचा आजा इथे बटलर होता, त्यामुळे घराचा कोपरा न् कोपरा त्याला ठाऊक. साहेबाला विलायतेतल्या आपल्या गावच्या घरासारखंच घर हवं होतं. उंच टोकदार छप्पर, रंगीत काचांच्या खिडक्या, भिंतीभर लाकडी फळ्या आणि चक्क शेकोटीची चिमणी. कोकणच्या उकाड्यात शेकोटी! हौसेला मोल नाही, म्हणून आजा हसायचा. आज सयाजीला हसू येत नव्हतं.

त्याने एक कोनाडा सोडला नाही. फळ्या ठोकून पाहिल्या. चिमणीत डोकं घातलं, तोंड काळं करून बाहेर आला.

"हितं माणूस मावतो रे. नीट बघ."

"काका, वर चला आधी!"

"खालचं सोडून वर गेलो नि मागनं निसटली म्हंजे?"

रितेशला ते पटलं. सयाजी खोलीखोलीतून ओरडत फिरला, "अंके! अगो अंके!"  भिंतीला टेकून तो ढसाढसा रडला. अंकिता रांगायला लागली तेव्हाही अशीच कुठल्यातरी फळीमागे लपायची, आणि तो शोधायचा.

"रडू नका. घराची इज्जत राखू आपण," रितेश म्हणाला.

वरच्या खोलीत पाण्याची बाटली आणि अंकिताची ओढणी सापडली. माणूस नव्हतं. रितेशने न्हाणीघराचं दार लाथेने उघडलं. आत साहेबाच्या संडासाची मोडकी लाकडी खुर्ची. नाकाला रुमाल लावून तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

"आपण यायच्या आधीच पळाली! घाट चढली असतील. मंगेश, गाडी काढ!"

"तुमी व्हा पुढं. माझ्यात जीव नाय उरला."

बोलेरोचा आवाज वळणाआड गेला. सयाजी न्हाणीघरात शिरला. लोखंडी जिन्याकडचं बुटकं दार किलकिलं होतं. त्याने ते ओढलं. साधं कुरकुरलंसुद्धा नाही. आतून कडी घालून त्याने खिशात हात घातला, आणि पहाटे बायकोने दिलेली खोबरेल तेलाची बाटली, आता रिकामी, खिडकीतून खालच्या झुडपात भिरकावली.