न्हाणीघरातली घरघर

मुळशीचं धरण भरलं, त्याच वर्षी टेकडीवर साहेबांचा नवा बंगला उभा राहिला. बाईसाहेबांना सगळ्यात जास्त कौतुक न्हाणीघराचं. तिथं माणूस आडवा मावेल एवढा पांढराशुभ्र टब होता, आणि नळ फिरवला की धरणाचं पाणी थेट घरात यायचं. "असलं सुख पुण्यातल्या सरदारांकडेसुद्धा नाही," असं त्या कामाला येणाऱ्या सुंदराला सांगत. सुंदराचं गाव त्याच पाण्याखाली गेलं होतं. ती नुसती मान हलवायची आणि टब घासत राहायची.

एका सकाळी बाईसाहेबांनी घाबरून हाक मारली. अंगाला पंचा गुंडाळून त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"सुंदरा, पाण्यात डोकं बुडवलं की घरघर ऐकू येते गं. नळ तर बंद आहे."

सुंदरानं वाकून पाण्यात कान बुडवला. बराच वेळ ती तशीच राहिली. मग ओल्या चेहऱ्यानं वर आली. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती.

"नळ न्हाई बाईसाहेब. जातं हाय. माज्या सासूचं."

"सासूचं?"

"व्हय. पहाटं मला निजू द्यायची, माजं दळण तीच दळायची. लई सुखात ठिवलं तिनं मला."

बाईसाहेबांनी पंचा आवळून धरला. "कुठं असते ती आता?"

"घरीच की," सुंदरा म्हणाली. "पानी चढलं तसं समदं गाव उठलं. ती तेवढी उठली न्हाई."