ढब्बूची चिप

डॉक्टरांनी ढब्बूच्या मानेवरून यंत्र पुन्हा एकदा फिरवलं. यंत्र ढिम्म.

"मानेतच टोचली होती हो चिप," सून म्हणाली. "पिल्लू होता तेव्हा, याच टेबलावर."

"कधीकधी कातडीखाली सरकते." डॉक्टरांनी खांदे पाहिले, पाठ पाहिली, दोन्ही कुशी पाहिल्या. शेवटी यंत्र खाली ठेवलं. "चिपमधला ओळख-नंबर दिसल्याशिवाय मला प्रवासाच्या दाखल्यावर सही करता येणार नाही. नवी टोचायची तर लसही नव्याने द्यावी लागेल, आणि मग काही आठवडे थांबायचं."

परदेशी जायचं विमान उद्याचं होतं. घराच्या किल्ल्याही देऊन झाल्या होत्या. सुनेने ढब्बूच्या गळ्यात हात टाकले आणि तिचा बांध फुटला. त्याला मागे ठेवायचं तरी कुणाकडे? आणि त्याला सांगायचं काय?

सासूबाई भिंतीकडेच्या बाकावर बसल्या होत्या. रिकाम्या घरात टेकायला खुर्ची उरली नव्हती, म्हणूनच केवळ त्या आल्या होत्या. ढब्बूशी त्यांचा पहिल्या दिवसापासून उभा दावा. केस पडतात, वास येतो, माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तिकिटं हातात आली तेव्हासुद्धा त्या म्हणाल्या होत्या, "ह्याला कशाला न्यायचं? तिकडे कुत्री मिळत नाहीत?"

आता त्यांनी घसा खाकरला. "डावा पुढचा पाय बघा. कोपराच्या वर, आतल्या अंगाला."

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि यंत्र तिथे नेलं.

टुंग!

यंत्रावर आकड्यांची लांबलचक रांग उमटली. डॉक्टरांनी ती कागदाशी ताडून पाहिली, झोकात सही ठोकली आणि स्वतःच टाळी वाजवली. सून तर किंचाळलीच. तिने ढब्बूचे मुके घेतले, डॉक्टरांचा हात धरून गदागदा हलवला. आनंद तिच्या पोटात मावेना. बाहेर मांजर घेऊन बसलेले गृहस्थ काय झालं म्हणून आत डोकावले, तर त्यांनाही तिने सांगून टाकलं, "आमचा ढब्बू चालला बरं का!"

मग ती एकदम थांबली. "पण आई, तुम्हाला कसं कळलं?"

"हाताला लागतं ते. तांदळाच्या दाण्याएवढं."

"तुम्ही तर त्याला हातसुद्धा लावत नाही!"

सासूबाई चष्मा पुसायला लागल्या. "दुपारी तुम्ही दोघं कामावर. मी गुडघ्यांना तेल चोळत बसते. वाटीत थोडं उरतं. मग काय, टाकून देऊ?"

ढब्बूने टेबलावरून उडी मारली. तो थेट त्यांच्यापुढे जाऊन बसला आणि सवयीने त्याने आता उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.