तीन वाटांनी गेलेलं चित्र

या, जवळ बसा, एका अडलेल्या बाळंतिणीची कथा सांगते.

दरडीने घाट बंद आणि बाळ पायाळू. आरोग्य केंद्रातल्या नलूसिस्टरना शहरातले डॉक्टर पडद्यावरचं चित्र पाहून काय करायचं ते सांगत होते. चित्राचे तुकडे केबल, छतावरची डिश आणि सुईण इठामावशीचा मोबाइल अशा तिन्ही वाटांनी एकदम जात, तिकडे जुळत. “डबड्यातनं बाळंतपण व्हय?” मावशी हसली होती.

बाळाचे पाय दिसले आणि केबल तुटली. पाठोपाठ डिशही गेली. मोबाइलची रेंजही खोलीत टिकेना. डॉक्टरांचा आवाज तुटला, तसे सिस्टरचे हात बाळाला ओढायला सरसावले.

मावशी मोबाइल घेऊन दारातल्या पाण्याच्या टाकीवर चढली आणि तिने हात उंच धरला.

रेंज लागली. “ओढू नका,” आतल्या डबड्यातून डॉक्टर बोलले, “आपणहून येऊ द्या.”

बाळ रडलं.

“मावशी, उतरा,” सिस्टरनी आतून हाक मारली.

“बाळामागची वार पडू दे आधी.”

हरिनाम घ्याल तेव्हा त्या उंच हातालाही आठवा.